पाच व्होल्टचा सूर

आंधळ्याचं दुःख आंधळ्यालाच कळतं, अशी डोळस लोकांची एक भाबडी समजूत असते. या समजुतीने मामाचा नुसता पिच्छा पुरवला होता. भाचीची दृष्टी गेली आणि घरी येणारा-जाणारा जो तो, अगदी जिन्यात भेटणारा पोस्टमनसुद्धा, मामाच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचा की आता तिला तुम्हीच समजवा, तुमच्याइतकं कोणाला कळणार. मामाला काय कळणार होतं, कपाळ! तो जन्मापासूनचा आंधळा. त्याचं काही हरवलंच नव्हतं. ज्याच्या घरी कधी चोरी झाली नाही त्याला लुटलेल्या माणसाकडे सांत्वनाला पाठवावं, तशातली ही गत.

मामा पियानो सुरात लावायचा. शाळा, सभागृहं, श्रीमंतांचे दिवाणखाने, सगळीकडे त्याला मान होता. एकटा जीव होता, बहिणीच्या घरातली पुढची खोली त्याची. मधल्या खोलीत बहीण, आणि मागच्या खोलीत भाची. भाचीला घरात सगळे ठिणगी म्हणायचे, कारण लहानपणी तिने घरातला फ्यूज इतक्यांदा उडवला होता की वायरमन तिला नावानिशी ओळखायचा. पुढे ती इलेक्ट्रॉनिक्सच शिकायला गेली. तिच्या खोलीतलं टेबल म्हणजे एक दुकानच होतं. वायरी, बोर्ड, छोट्या-छोट्या खणांमध्ये नाना तऱ्हेचे सुटे भाग, आणि त्यातलं काहीही हलवलं की आईला बोलणी बसायची. मग डोळ्यांच्या नसांचा तो आजार आला आणि वर्ष सरायच्या आत सगळं अंधारून गेलं. कॉलेज सुटलं. ठिणगी भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली.

मामा एकदा गेला होता समजूत घालायला. कॉटच्या कडेला बसून, घसा खाकरून, म्हणाला की सवय होते ग. ठिणगी म्हणाली, "तुला सवय झालेली नाही मामा. तुझं काही गेलंच नाही. तू जा." मामा उठून आला आणि त्याने कानाला खडा लावला. पोरीचं म्हणणं शब्दन् शब्द खरं होतं, त्यावर बोलणार काय?

पण एका रात्री जेवताना तिने सांगून टाकलं की वर्गातला मित्र रविवारी येणार आहे, टेबलावरचं सगळं सामान तो घेऊन जाईल, तिने त्याला देऊन टाकलंय. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं, काहीच नव्हतं. बहिणीने ताटातला हात थांबवला. टेबल गेलं की त्याच्याबरोबर पोरही जाईल, मागे उरेल ती नुसती जेवेल आणि झोपेल, हे मामाला लख्ख कळत होतं. रविवारच्या आत काहीतरी करायला हवं होतं, आणि काय करायचं ते काही केल्या सुचत नव्हतं.

सांत्वन जमत नाही म्हटल्यावर माणसाने निदान उपद्रव तरी द्यावा. मामाने तेच केलं. शुक्रवारी सकाळी तिच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला की माझ्या रेडिओच्या बॅटऱ्या सारख्या संपतात, सामान जायच्या आत मला एक पॉवर सप्लाय बनवून दे. ती म्हणाली, बाजारातून तयार अडॅप्टर आण. मामा म्हणाला, तयार मला चालत नाही. ती म्हणाली, मला दिसत नाही. मामा म्हणाला, मलाही दिसत नाही, मग अडलं कुठे? हात माझे, अक्कल तुझी. आंधळा मागतो एक डोळा, पण इथे मी तेवढाही मागत नाहीये, नुसतं तोंडाने सांग.

नुसती ब्याद टळावी म्हणून तिने सांगितलं. भिंतीकडे तोंड करूनच, एका दमात. भिंतीतल्या विजेला हात लावायचा नाही, ही पहिली अट. दाराच्या घंटीचा एक ट्रान्सफॉर्मर खालच्या खणात आहे, सगळा बंद डब्यात, बाहेर फक्त दोन वायरी निघतात, तेवढ्याच तुझ्या. त्यातून येणारी वीज थोडी असते पण मागेपुढे झुलत असते. ब्रिज नावाचा गोल खडा तिला एकाच दिशेने चालायला लावतो. तरीही ती उसळ्या मारत येते, त्या उसळ्या कपॅसिटर भरून काढतो. आणि शेवटी रेग्युलेटर, तीन पायांचा, तो तिला पाच व्होल्टवर बांधून ठेवतो. कथलाचा डाग देऊ नकोस, हात भाजशील, स्क्रूच्या कनेक्टरची पट्टी आहे, तिच्यात पाय अडकवून स्क्रू आवळ. एकेक टप्पा झाला की जुन्या हेडफोनने ऐक, पण त्याच्या वायरीत वीज अडवणारा मोठा रेझिस्टर घाल, नाहीतर कान फुटेल. झालं. आता जा.

"पण कोणता पाय कोणता, ते कसं कळायचं?" मामाने विचारलं.

"लांब पाय प्लस," ती म्हणाली, आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

मामाने पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर संसार मांडला. बहिणीने खण आणून दिले आणि ती दारात घुटमळत राहिली, पण त्याने तिला हुसकून लावलं. आणि मग बोटांनी एकेक वस्तू चाचपताना त्याला पहिला अचंबा वाटला. गोल खड्याला चार पाय होते, त्यातला एक खरंच लांब होता. त्याच्या बरोबर समोरचा मायनस. उरलेल्या दोघांत झुलणारी वीज, कशीही लावा. कपॅसिटर म्हणजे अंगठ्याएवढी गुळगुळीत डबी, तिचाही एक पाय लांब, एक आखूड. रेग्युलेटरची पाठ धातूची, पोट प्लास्टिकचं, पोट आपल्याकडे केलं की डावीकडून आत, मधला जमिनीचा, उजवीकडून बाहेर. डोळे नसलेल्या माणसासाठी कोणीतरी मुद्दाम बनवल्यासारखं. डोळसांच्या जगातल्या किती वस्तूंनी त्याची अशी दखल घेतली होती? शर्टाच्या बटणांनीसुद्धा नाही.

त्याने आधी ट्रान्सफॉर्मरच्या दोन वायरींवर हेडफोन लावला आणि ऐकलं. खोल, जाडजूड, सलग हूं. मामा हसला. हा सूर त्याच्या ओळखीचा होता. दिव्यांच्या खांबांपाशी, फ्रिजच्या पाठीमागे, सभागृहांच्या भल्यामोठ्या स्पीकरांत त्याने तो आयुष्यभर ऐकला होता, पियानोच्या खालच्या एका पट्टीपेक्षा केसभर चढा. पण त्याच्या दोन टोकांना आपण स्वतः धरून बसू, असं कधी वाटलं नव्हतं.

मग त्याने ब्रिज जोडला, त्याच्या प्लस-मायनसवर हेडफोन लावला, आणि दचकलाच. सूर वर गेला होता. थोडाथोडका नाही, पुरता एक सप्तक वर, आणि चोख! त्याने ब्रिज काढून पुन्हा ऐकलं, पुन्हा लावून ऐकलं. खाली, वर. खाली, वर. एक सप्तक चोख चढवायला त्याला किल्ली हातात घेऊन तार ताणावी लागायची, आणि इथे गोटीपेक्षा मोठा नसलेल्या एका खड्याने, ना हलता ना डुलता, ते काम केलं होतं. मागे जाणारी वीज पुढे वळवली म्हणजे एका झोक्याचे दोन झोके झाले, हे त्याने थोड्या वेळाने आपल्याआपण ताडलं, आणि ताडल्यावर तर त्याच्या अंगावर काटाच आला. त्या दिवशी एका शाळेतला पियानो लावायचं ठरलं होतं. तो पार विसरला.

आणि मग त्याने कपॅसिटर जोडला.

हेडफोनमध्ये टक्क झालं आणि सगळं बंद पडलं. हूं नाही, घरघर नाही, काही नाही. मामाने स्क्रू तपासले. आवळलेलेच होते. कपॅसिटर काढला, हूं परत आली. लावला, टक्क, पुन्हा चिडीचूप. त्याने खणातून दुसरा कपॅसिटर शोधला, तसाच लांब-आखूड पायांचा. तोही तसाच. तिसराही. तीस वर्षं तारा आणि हातोड्यांत घालवलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, पट्टी दाबली आणि आवाज आला नाही तर आत काहीतरी तुटलेलं असतं. इथे तर सगळ्याच पट्ट्या मुक्या झाल्या होत्या. आपण वीज मारली, अशी त्याची खात्री पटली. सप्तक चढवणारी ती जिवंत वीज, आणि आपण आपल्या अडाणी हातांनी तिला गाडून टाकलं.

शनिवार उजाडला तरी तो तिथेच बसून होता. बहिणीने चहा ठेवला, तो निवला. गप्प राहावं की काय, असं त्याच्या मनात येऊन गेलं. सांगितलं तर पोरगी म्हणणार, बघ, म्हणत होते ना, आंधळ्यांचं हे काम नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! तिला उठवायला निघालेला माणूस तिला कायमची झोपवून बसणार होता. पण खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं, आणि त्या मेलेल्या विजेजवळ एकट्याने बसणंही सोसवत नव्हतं. शेवटी तो भिंत धरत मागच्या खोलीपाशी गेला आणि दारातूनच सगळं कबूल केलं. हूं कशी होती, ती कशी चढली, आणि मग कपॅसिटरने ती कशी गिळली. तीन-तीन कपॅसिटर लावून पाहिले ग, म्हणाला, एकातूनही आवाज येत नाही. मी मारून टाकलं सगळं.

पांघरुणाखालून ठिणगीने विचारलं, "लावताना टक्क झालं होतं?"

"झालं होतं."

"दर वेळी?"

"दर वेळी. आणि मग एकदम मेलं."

आधी त्याला वाटलं ती रडतेय. कॉट हलत होती. मग तो आवाज पांघरुणातून बाहेर आला आणि मधल्या खोलीत बहिणीच्या हातातलं भांडं खाली पडलं, कारण तो आवाज या घरात कित्येक महिन्यांत कोणी ऐकला नव्हता. ठिणगी हसत होती. पोट धरून, श्वास अडकून, हुंदक्यांसारखी हसत होती.

"मामा, ते मेलेलं नाही," ती म्हणाली. "हूं म्हणजे वीज नव्हे, वीज धडपडत होती त्याचा आवाज होता तो. कपॅसिटरने तिला सरळ केलं. सरळ चालणाऱ्या विजेला आवाजच नसतो. तुला जमलंय, बावळटा. पहिल्याच कपॅसिटरला जमलं होतं."

बावळटा म्हटलं याचा मामाला इतका आनंद झाला होता की बाकीचं समजायला जरा वेळच लागला. म्हणजे त्या शांततेत सगळं होतं? तो रात्रभर ज्याच्याजवळ सुतक धरून बसला होता ते काठोकाठ भरलेलं होतं? त्याने आयुष्यभर शांतता ऐकली होती, दोन सुरांमधली, मैफल संपल्यावरची, पण तिच्या आत कोणी उभं असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"खात्री कशी करायची?" त्याने विचारलं.

ठिणगी काहीतरी सांगायला गेली, थांबली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबली. तोंडाने सांगण्यासारखं ते नव्हतं. मग कॉट करकरली. तिचे पाय जमिनीला लागलेले मामाने ऐकले. ती एकटीने भिंतीला धरून चालायला शिकलेली नव्हती, आईच तिला हात धरून न्यायची; आता ती दोनदा ठेचकाळली, आणि बहीण धावत येऊ लागली तेव्हा मामाने आडवा हात धरून तिला जागच्या जागी थांबवलं. तेवढी एक गोष्ट मात्र त्याला खरंच कळत होती.

पुढच्या खोलीतल्या टेबलापाशी येऊन ठिणगीने कनेक्टरच्या पट्टीवरून बोटं फिरवली. दोन स्क्रू तिला ढिले लागले, एक वायर उलट्या बाजूने दुमडलेली सापडली, आणि ती मामाला म्हणाली, सरक. तिने स्क्रूड्रायव्हर मागून घेतला नाही, टेबलावर चाचपून शोधला. मग मधल्या खणातून तिने तिची पिपाणी काढली. लहानपणी तिने बनवलेलं पहिलं यंत्र ते, एक बोर्ड आणि त्यावर रुपयाएवढा स्पीकर. वीज दिली की ते एकच सूर धरून ओरडायचं, आणि वीज कमी झाली की त्याचा सूर उतरायचा. तिने ती पिपाणी थेट कपॅसिटरवर लावली. खोलीत कर्कश, चढा सूर घुमला. मेलेल्या विजेतून! मामाने टेबलाची कड घट्ट धरली.

ठिणगी म्हणाली, आता नीट ऐक, तुझे कान आहेत म्हणून सांगते. स्कूटरचा एक छोटा बल्ब तिने त्याच कपॅसिटरवर जोडला. तो पेटला की नाही ते दोघांनाही दिसत नव्हतं, पण मामाच्या बोटाला काच गरम लागली, आणि त्याच क्षणी पिपाणीचा सूर ओशाळल्यासारखा खाली घसरला, वर घरघरही लागली. बल्ब काढला, सूर वर गेला. ही कच्ची वीज, ती म्हणाली, कोणी थोडा भार टाकला की हिचा धीर सुटतो. हिच्यावर काही शिकता येत नाही, चूक आपली की हिची ते कळतच नाही.

मग तिने रेग्युलेटर घेतला. पोट आपल्याकडे, पाठ पलीकडे. आत, जमीन, बाहेर. दोन्ही बाजूंना कपॅसिटरचा एकेक छोटा दाणा बसवला. एक पाय भोकात जाईचना. बहीण दारातून पुढे झाली, मागे झाली, पदर तोंडात कोंबून उभी राहिली. तिसऱ्या खेपेला पाय बसला. ठिणगीने पिपाणी पाच व्होल्टवर लावली. सूर आता खालचा होता, शांत, स्वच्छ.

"आता बल्ब तू लाव," ती म्हणाली. "तिथेच, कच्च्या विजेवर. मघाच्याच जागी."

मामाने वायर टेकवली. काच गरम झाली. सूर हलला नाही.

त्याने वायर काढली, लावली, काढली, लावली. त्याचे कान म्हणजे काही साधेसुधे कान नव्हते. पियानोची तार दमट हवेने केसभर उतरली तरी त्यांना बोचायची. ते कान लावून, श्वास रोखून तो ऐकत होता, आणि सूर तसूभरही सरकत नव्हता. मागे सगळं कोसळत होतं, उसळत होतं, हे त्याला ठाऊक होतं, बोटाला चटका बसत होता, आणि पुढे तो सूर असा उभा होता, जसं काही घडलंच नाही.

"हे कसं करतो ग तो?" मामाने विचारलं. त्याचा आवाज देवळात बोलावं तसा बारीक झाला होता.

ठिणगीने सांगितलं की त्याच्या पोटात एक पक्कं माप असतं. बाहेर जाणारी वीज तो त्या मापाशी सतत ताडून बघतो. कमी पडली की वाट मोकळी करतो, जास्त झाली की आवळतो. क्षणभरही थांबत नाही.

मामा खुर्चीत बसला. हे तर त्याचंच काम होतं. एका हातात खरा सूर, दुसऱ्या हातात तार, आणि उतरलं-चढलं की किल्ली. पण तो किल्ली पिशवीत टाकून घरी यायचा आणि त्याच्या पाठीमागे तारा पुन्हा उतरायला लागायच्या, थंडीने, उन्हाने, पोरांच्या धसमुसळेपणाने. तीस वर्षं तो उतरलेलं चढवत आला होता आणि एकही पियानो सुरात राहिला नव्हता. आणि हा नखाएवढा तीन पायांचा प्राणी उठतच नव्हता आपल्या जागेवरून. त्याने रेग्युलेटरच्या पाठीला बोट लावलं. ती कोमट होती, कष्ट करणाऱ्या माणसासारखी. मामाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्याने ते पुसलं नाही, कारण बघणारं होतं तरी कोण? बहीण होती, पण ती स्वतःच रडत होती.

रविवारी सकाळी दार वाजलं तेव्हा पट्टी मोकळी करून सगळे भाग टेबलावर पसरलेले होते. ठिणगी ते सगळे पहिल्यापासून, एकटीने, पुन्हा जोडत होती. मित्र रिकाम्या पिशव्या घेऊन आला होता. बहिणीला त्याला काय सांगावं ते कळेना, ती दारातच अडखळली.

"आई, त्याला आत पाठव," ठिणगी म्हणाली. मग त्याला म्हणाली, "सामान कुठेही जात नाहीये. पण आलाच आहेस तर बस. रेझिस्टरवरचे रंगाचे पट्टे तेवढे बोटांना कळत नाहीत. तू वाच, मी डब्यांवर खुणा करते."

बिचारा बसला. त्याने पहिला रेझिस्टर उजेडात धरला आणि वाचलं, "पिवळा, जांभळा, लाल."

"चार हजार सातशे," ठिणगी लगेच म्हणाली आणि झाकणावर टोकदार खिळ्याने चरे ओढू लागली.

मामा खिडकीपाशी बसला होता. त्याने हळूच विचारलं की हे काय. तिने हात न थांबवता सांगितलं की प्रत्येक रंग म्हणजे एक आकडा असतो, पिवळा चार, जांभळा सात, आणि शेवटचा लाल म्हणजे पुढे दोन शून्यं.

"जांभळा म्हणजे सात?" मामा म्हणाला. "नेहमीच?"

"नेहमीच. जगात कुठेही जा."

लाल म्हणजे विस्तवासारखा, निळा म्हणजे पाण्यासारखा, असं मामाला आयुष्यभर लोकांनी समजावलं होतं, आणि त्याने भिडेखातर मान डोलावली होती. खरं सांगायचं तर त्याला त्यातलं ओ की ठो कळलेलं नव्हतं. आज पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या हातात धरता येईल असा रंग दिला होता. सात. त्याने हिरवा विचारला, तो पाच निघाला. निळा सहा. पन्नाशी उलटलेला माणूस खिडकीत बसून एकेक रंग मागून घेत होता आणि बोटांवर मोजून ठेवत होता.

"आणि काळा?" त्याने विचारलं.

मित्राने चमकून वर पाहिलं. ठिणगीचा खिळा झाकणावर थांबला.

"शून्य," ती म्हणाली. मग खिळा पुन्हा चालू झाला. "पण आधी एक असला आणि त्याच्या शेजारी हा बसला की दहा होतात, मामा. त्याला कमी समजू नकोस." आणि तिने मित्राकडे हात पुढे केला. "पुढचा वाच."